विश्लेषण : वर्षाला दहा पौंड भाडे असलेल्या बेटावर जागतिक कंपनीचा तळ कसा उभा राहिला? मुंबई घडवणाऱ्या जेराल्ड ऑन्जियरची कहाणी

उलव्याहून अटल सेतूवर गाडी लागली, की काही मिनिटांत खाडी ओलांडून शिवडी येते. आज या २१.८ किलोमीटरच्या पुलामुळे मुंबई हे बेट आहे, हेच विसरायला होते. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी एका परदेशी व्यापारी कंपनीला मुंबई हवीशी वाटली, ती नेमकी बेट होती म्हणूनच.

सिंगापूर, मॉरिशस अशा छोट्या बेटांवर मोठ्या कंपन्या आपली कार्यालये का थाटतात, हा प्रश्न आज गुंतवणुकीच्या बातम्यांत वारंवार येतो. कर कमी असतो, एवढेच उत्तर बहुतेकदा दिले जाते. मुंबईचा दुसरा कंपनी गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर (काही मराठी पुस्तकांत अंजियर) याचे आयुष्य पाहिले, तर हे उत्तर किती अपुरे आहे ते कळते. बेटाचे फायदे निसर्गाने अर्धेच दिलेले असतात. उरलेले अर्धे कायदा, करार आणि शेजाऱ्यांशी संबंध यांतून उभे करावे लागतात. ऑन्जियरने आठ वर्षे तेच केले.

बेट कंपनीच्या हाती आले कसे?

१५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसईच्या तहानुसार वसई आणि आसपासची बेटे पोर्तुगीजांना दिली. कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, वरळी, परळ आणि माहीम ही सात बेटे त्यात होती. १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या विवाहाचा करार झाला. त्यात मुंबई इंग्रज राजाला देण्याचे ठरले.

कागदावर मिळालेले बेट ताब्यात यायला मात्र चार वर्षे लागली. १६६२ मध्ये सर अब्राहम शिपमन सैनिक घेऊन आला, तेव्हा पोर्तुगीजांनी बेट देण्यास नकार दिला. शिपमनची तुकडी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबली. तिथे आजाराने बहुतेक सैनिक गेले, १६६४ मध्ये शिपमनही दगावला. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये त्याचा सचिव हम्फ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला.

राजाला हे बेट परवडेना. सैन्याचा खर्च होता, उत्पन्न फारसे नव्हते. मार्च १६६८ मध्ये त्याने सनद काढून मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली. भाडे ठरले वर्षाला दहा पौंड, तेही सोन्यात. सप्टेंबर १६६८ मध्ये कंपनीने ताबा घेतला. सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष सर जॉर्ज ऑक्झेंडन मुंबईचाही गव्हर्नर झाला. पण जुलै १६६९ मध्ये सुरतेत त्याचे निधन झाले आणि ही दोन्ही पदे जेराल्ड ऑन्जियरकडे आली.

कोण होता ऑन्जियर?

ऑन्जियर आयर्लंडमधल्या वजनदार घराण्यातला. त्याचे आजोबा लाँगफर्डचे बॅरन होते आणि वडील अँब्रोस धर्मगुरू. भाऊ फ्रान्सिस पुढे लाँगफर्डचा अर्ल झाला. डब्लिन शहरात या घराण्याच्या नावाचा रस्ता आजही आहे. सरदारी वारसा भावाकडे गेल्यावर धाकट्यांना लष्कर, चर्च किंवा व्यापार यांतून वाट काढावी लागे. जेराल्डने व्यापार निवडला आणि १६६२ च्या सुमारास तो कंपनीच्या नोकरीत सुरतेला आला.

सुरत तेव्हा मुघल साम्राज्याचे सर्वांत श्रीमंत बंदर होते. कापड, नीळ, मिरी यांचा व्यवहार इथून इराण, तांबडा समुद्र आणि युरोपापर्यंत चाले. इथे राहून ऑन्जियर व्यापार शिकला आणि परक्या राज्यात वखार चालवण्याचे धोकेही. जानेवारी १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली, तेव्हा तो कंपनीच्या सेवेत होता. ऑक्टोबर १६७० च्या दुसऱ्या स्वारीच्या वेळी तो वखारीचा प्रमुख होता आणि किनाऱ्यावरच्या सुवाळी बंदरात होता. शहरातली वखार राखण्यासाठी त्याने स्ट्रेन्शम मास्टर या सहकाऱ्याला मोजक्या माणसांसह पाठवले. वखार वाचली. पण आपला माल आणि जीव दुसऱ्यांच्या लढाईत अडकलेला आहे, हे त्यातून पुन्हा स्पष्ट झाले.

सुरत सोडून बेट कशासाठी?

कंपनीच्या दृष्टीने हिशेब साधा होता. सुरतेत जमीन मुघलांची, कायदा मुघलांचा, जकात मुघलांची. सुभेदार किंवा बंदराचा अधिकारी बदलला, की सवलतींची बोलणी नव्याने करावी लागत. व्यापार रोखला, तर दाद मागण्यासाठी दूरच्या दरबारात वकील पाठवावा लागे.

दुसरी अडचण पाण्याची. तापी नदीत मोठी जहाजे शहरापर्यंत येत नसत. माल सुवाळीला उतरवून पुढे न्यावा लागे. मुंबईचे बंदर मात्र खोल आणि तिन्ही बाजूंनी आडोसा असलेले. पावसाळ्यातही जहाजे तिथे सुरक्षित राहत.

तिसरा आणि सर्वांत मोठा फायदा सत्तेचा. मुंबईत कंपनी भाडेकरू असली, तरी व्यवहारात राज्यकर्तीच होती. सनदेने तिला कायदे करण्याचा, न्याय देण्याचा आणि सैन्य ठेवण्याचा अधिकार दिला होता. चहूबाजूंनी पाणी असल्याने घोडदळ थेट चालून येण्याचा धोका नव्हता. आजच्या भाषेत सांगायचे, तर कंपनीला स्वतःचे बंदर, स्वतःचे न्यायालय आणि स्वतःचे करधोरण असलेले ठिकाण मिळाले होते.

मग अडचण काय होती?

या बेटावर जवळपास काहीच नव्हते. सात बेटांमधल्या सखल भागात भरतीचे पाणी शिरे आणि ओहोटीला चिखल उरे. हिवताप आणि पोटाच्या विकारांनी इंग्लंडहून आलेली माणसे पावसाळ्यात भराभर मरत. कोळी, भंडारी, कुणबी, आगरी आणि ख्रिस्ती वस्त्या होत्या, नारळाच्या वाड्या आणि भाताची खाचरे होती; पण मोठे व्यापारी नव्हते. व्यापारी नसतील तर बंदर कितीही खोल असून उपयोग नाही.

बेटाला पोटापाण्यासाठी समोरच्या किनाऱ्यावर अवलंबून राहावे लागे. धान्य आणि जळाऊ लाकूड खाडीपलीकडून येई. तो किनारा मात्र कंपनीचा नव्हता. साष्टी, ठाणे आणि उरणजवळचे करंजा पोर्तुगीजांकडे होते. ठाणे आणि करंजा इथून जाणाऱ्या मालावर ते जकात मागत आणि मुंबईची कोंडी करत. कल्याण-पनवेलचा मुलूख शिवाजी महाराजांच्या स्वराज्यात येत होता. दक्षिणेला जंजिऱ्याचा सिद्दी होता आणि त्याचे आरमार मुघलांच्या सेवेत होते. म्हणजे बेटाच्या चारही बाजूंना एकमेकांशी लढणाऱ्या सत्ता होत्या आणि कंपनीला व्यापार सगळ्यांशीच करायचा होता.

पहिले काम : जमिनीचा तंटा

ऑन्जियर १६७० च्या सुरुवातीला मुंबईत आला आणि १६७२ मध्ये त्याने इथेच मुक्काम हलवला. समोर पहिला प्रश्न जमिनीचा होता. पोर्तुगीज काळातल्या जमीनदारांकडे वाड्या आणि शेते होती. सत्तांतरानंतर त्यांतल्या काही जमिनींवर इंग्रजांनी दावा सांगितला, काही ताब्यातही घेतल्या. कुणाची मालकी खरी, हे ठरत नव्हते. मालकीच पक्की नसेल तर घर, गोदाम किंवा गिरणी कोण बांधणार?

ऑन्जियरने ताकदीने जमिनी घेण्याऐवजी तडजोड केली. १६७२ च्या अखेरीस जमीनदारांच्या प्रतिनिधींशी करार झाला. कंपनीने वादातल्या जमिनींवरचा हक्क सोडला, मालकी मान्य केली. बदल्यात जमीनदारांनी मिळून वर्षाला २० हजार झेराफिन (पोर्तुगीज चलन) द्यायचे ठरले. इतिहासात हा व्यवहार ऑन्जियरचा करार म्हणून ओळखला जातो. मुंबईच्या जमीन महसुलाच्या इतिहासात त्याचा उल्लेख पुढे शतकानुशतके होत राहिला.

या कराराची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. सही करणारे जमीनदार होते. त्यांच्या शेतात राबणाऱ्या कुळांना या वाटाघाटीत जागा नव्हती. तरीही जुन्या मालकांना हुसकावून नवे शहर उभे राहत नाही, हे ऑन्जियरने ओळखले होते.

दुसरे काम : सर्वांना एकच न्यायालय

१६७० मध्ये त्याने बेटाचे मुंबई आणि माहीम असे दोन भाग करून छोटी न्यायमंडळे नेमली. १ ऑगस्ट १६७२ रोजी पोर्तुगीज कायदा रद्द करून इंग्रजी कायदा लागू केला. आठवडाभरात, ८ ऑगस्टला, नव्या न्यायालयाचे उद्घाटन मिरवणुकीने झाले. जॉर्ज विल्कॉक्स हा त्याचा न्यायाधीश.

परदेशी व्यापाऱ्याला कर किती आहे यापेक्षा, वाद झाल्यास निकाल कोण देणार आणि तो कोणत्या नियमाने देणार, याची काळजी जास्त असते. उधारी बुडाली, माल भिजला, भागीदार पळाला, तर दाद कुठे मागायची? मुंबईत याचे ठरलेले उत्तर मिळू लागले. सोबतच प्रत्येक समाजाने आपली पंचायत नेमावी आणि आपसांतले तंटे तिथे मिटवावेत, अशी व्यवस्था ऑन्जियरने सुचवली. सरकारशी बोलणारे अधिकृत प्रतिनिधी प्रत्येक समाजाला त्यातून मिळाले.

तिसरे काम : व्यापाऱ्यांना बोलावणे

बेटावर माणसे आणायची तर त्यांना धर्माची भीती वाटता कामा नये, हे त्या काळी फार महत्त्वाचे होते. पोर्तुगीज मुलखात इन्क्विझिशनची धास्ती होती. १६६९ मध्ये सुरतेतही काझीच्या छळाला कंटाळून हजारो बनिया व्यापारी शहर सोडून भडोचला गेले.

या प्रसंगी ऑन्जियरची सावध बाजूही दिसली. सुरतेच्या व्यापाऱ्यांनी मुंबईत आसरा मिळेल का, याची चाचपणी केली होती. त्याने तेव्हा त्यांना उघडपणे बोलावले नाही, उलट अहमदाबादला जाण्याचा सल्ला दिला. मुंबई अजून कमकुवत होती आणि औरंगजेबाचा रोष ओढवला असता, तर सुरतेतला सगळा व्यापार बुडाला असता. आश्रय देण्याची इच्छा असली तरी तो टिकवण्याची ताकद आधी हवी, असा हा हिशेब होता. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने मात्र गरजेच्या वेळी दार बंदच राहिले.

पुढच्या काही वर्षांत त्याने ते दार उघडले. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे दीवचा बडा व्यापारी निमा पारख. मार्च १६७७ मध्ये कंपनीने त्याच्याशी लेखी करार केला. त्याला घर-गोदामासाठी बिनभाड्याची जागा मिळणार होती. धर्माचे आचार, अंत्यसंस्कार आणि लग्नकार्ये आपल्या रीतीने करण्याची मुभा होती. कुणालाही ख्रिस्ती होण्याची सक्ती होणार नव्हती. पहारा देण्याच्या कामातून सूट होती आणि गव्हर्नरला त्याच्याकडून जबरदस्तीने कर्ज घेता येणार नव्हते.

हे शेवटचे कलम आज किरकोळ वाटेल. पण सतराव्या शतकात सत्ताधाऱ्याने सावकाराकडून सक्तीने पैसा उचलणे ही नित्याची बाब होती. राज्यकर्त्यानेच स्वतःचे हात बांधून घेणे, ही निमा पारखसाठी करसवलतीपेक्षा मोठी हमी होती.

पारशी, आर्मेनियन, मुस्लिम, गुजराती व्यापारी आणि विणकर हळूहळू येऊ लागले. याच काळात मलबार टेकडीवर पारशांचा पहिला दख्मा उभा राहिला. १६७० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने टांकसाळ घातली आणि १६७६ मध्ये राजाने नाणी पाडण्याची रीतसर परवानगी दिली. रुग्णालयाची सोय झाली. इंग्रजांच्या ताब्यात बेट आले तेव्हा लोकसंख्या सुमारे १० हजार होती आणि १६७५ च्या आसपास ती ६० हजारांवर गेली, असे सांगितले जाते. हे आकडे मोजणीचे नव्हे, अंदाजाचे आहेत. पण वाढ मोठी होती यावर अभ्यासकांचे एकमत आहे.

चौथे काम : बेट राखणे

फेब्रुवारी १६७३ मध्ये या सगळ्या घडीची परीक्षा झाली. युरोपात इंग्लंड आणि हॉलंड यांच्यात युद्ध सुरू होते. डच सेनानी रिक्लॉफ व्हॅन गोएन्स आरमार घेऊन मुंबईसमोर आला. ऑन्जियरने किल्ल्याची डागडुजी करून तोफा चढवल्या होत्या. जमीनदारांकडून माणसे घेऊन नागरी सैन्य उभारले होते. सज्जता पाहून डचांनी हल्ला न करता माघार घेतली.

हा किल्ला म्हणजे बॉम्बे कॅसल. पोर्तुगीज वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ गार्सिया द ओर्ता याच्या वाड्याभोवती तो उभा राहिला. ती जागा आज नौदलाच्या ताब्यात आहे आणि तिथल्या तळाचे नाव आहे आयएनएस आंग्रे. ज्या कान्होजी आंग्रेंनी पुढे कंपनीच्या जहाजांना जेरीस आणले, त्यांचेच हे नाव.

संरक्षण मात्र स्वस्त नव्हते. १६७४ मध्ये कंपनीच्या सैनिकांनीच पगार आणि रसदीच्या तक्रारींवरून बंड केले. ऑन्जियरने बऱ्याच मागण्या मान्य केल्या. पण म्होरक्यांवर कारवाईही केली आणि एका कॉर्पोरलला गोळी घालण्यात आली.

शिवाजी महाराजांशी तह कशासाठी?

बेटाची चूल समोरच्या किनाऱ्यावरच्या लाकडावर पेटत होती. त्यामुळे स्वराज्याशी वैर परवडणारे नव्हते. पण जुना वाद बाकी होता. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली होती. त्याची शिक्षा म्हणून महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरची वखार लुटली आणि इंग्रजांना कैद केले. कंपनी त्याची भरपाई मागत होती.

जून १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. ऑन्जियरने हेन्री ऑक्झेंडन याला वकील म्हणून पाठवले. निराजीपंतांच्या मध्यस्थीने बोलणी झाली आणि तह ठरला. राजापूरच्या नुकसानीपोटी १० हजार होन मान्य झाले. स्वराज्याच्या बंदरांत अडीच टक्के जकात भरून व्यापार करण्याची परवानगी मिळाली. राज्याभिषेकाचे अनेक तपशील आज माहीत आहेत, ते ऑक्झेंडनच्या या भेटीच्या नोंदींमुळेच.

दुसरीकडे सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात आसरा मागे. नकार द्यावा तर मुघल सुरतेत व्यापार अडवणार. होकार द्यावा तर स्वराज्यातून येणारी रसद धोक्यात येणार. ऑन्जियर वेळ काढत राहिला, थोडी सवलत देत राहिला. महाराजांनी तोफा मागितल्या तेव्हाही इंग्रजांनी टाळाटाळच केली. तटस्थता हे त्याच्यासाठी तत्त्व नव्हते. छोट्या बेटाची ती गरज होती.

कंपनीने त्याचे कौतुक केले का?

फारसे नाही. लंडनमधल्या संचालकांना मुंबईचा खर्च डोईजड वाटे. तटबंदी, सैन्य, न्यायालय यांवर पैसा जातो आणि नफा अजून सुरतेतूनच येतो, अशी त्यांची तक्रार होती. खर्च कमी करा, असे आदेश येत राहिले. भागधारकांना या वर्षीचा लाभांश हवा होता. ऑन्जियर पुढच्या पिढीच्या बंदराचा विचार करत होता.

१६७५ मध्ये तो सुरतेला परतला. त्याच वर्षी त्याने मुंबईच्या ख्रिस्ती उपासनेसाठी चांदीचा प्याला भेट दिला. इंग्रजांसाठी चर्च बांधण्याची कल्पनाही त्याचीच. पाया घातला गेला, पण काम चाळीस वर्षे रखडले आणि १७१८ मध्ये चर्च उघडले. तेच आजचे फोर्टमधले सेंट थॉमस कॅथेड्रल. त्याच्या दिशेने उघडणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून चर्चगेट हे नाव आले.

३० जून १६७७ रोजी सुरतेत ऑन्जियरचे निधन झाले. निमा पारखशी झालेल्या कराराला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. कंपनीचे मुख्यालय मुंबईला हलवण्याचे त्याचे काम अपुरे राहिले.

त्याच्यानंतर काय झाले?

ऑन्जियरने सांभाळलेली एकेक गोष्ट सुटली, तसे बेटाचे नुकसान झाले. दोन वर्षांत, १६७९ मध्ये, शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी आरमार पाठवूनही तो थांबवता आला नाही. बेटाचे महत्त्व फक्त कंपनीलाच कळत होते, असे नाही.

संचालकांनी सैन्याच्या खर्चात कपात केली. परिणामी डिसेंबर १६८३ मध्ये रिचर्ड केगविन या अधिकाऱ्याने बंड करून मुंबई राजाच्या नावाने ताब्यात घेतली. जवळपास वर्षभर बेट कंपनीच्या हातून गेले होते. १६८७ मध्ये मुख्यालय सुरतेहून अधिकृतपणे मुंबईला आले. पण तेव्हाचा गव्हर्नर सर जॉन चाइल्ड याने मुघलांशी युद्ध ओढवून घेतले. १६८९ मध्ये सिद्दी याकूत खान मुंबईत उतरला आणि बेटाचा मोठा भाग त्याने व्यापला. अखेर कंपनीने औरंगजेबाची माफी मागितली आणि दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा सिद्दी १६९० मध्ये परतला.

बेट तेच होते, बंदर तेच होते. बदलली होती ती शेजाऱ्यांशी वागण्याची रीत.

आजच्या बेटांशी याचा काय संबंध?

१८१९ मध्ये स्टॅमफर्ड रॅफल्सने सिंगापूरला कंपनीचे ठाणे वसवले, तेव्हा तिथे जकातमुक्त बंदर हेच मुख्य आकर्षण होते. १९६५ मध्ये स्वतंत्र झाल्यावर सिंगापूरने त्याला विश्वासार्ह न्यायालये, लवाद केंद्र, कार्यक्षम बंदर आणि स्थिर नियम यांची जोड दिली. तिथे कंपनी कराचा मूळ दर १७ टक्के आहे. पिण्याच्या पाण्याचा काही भाग मात्र आजही शेजारच्या मलेशियातून येतो. मुंबईच्या जळाऊ लाकडासारखीच ही गोष्ट.

मॉरिशसचा अनुभव वेगळा. भारताशी १९८२ मध्ये झालेल्या दुहेरी करटाळणी करारामुळे अनेक परदेशी गुंतवणूकदार मॉरिशसमार्गे भारतात येऊ लागले. शेअर विकून झालेल्या नफ्यावर भारतात कर लागत नसे. २०१६ मध्ये करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरवरील नफा भारतात करपात्र झाला. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी किमान १५ टक्के कराचा जागतिक नियमही आता अनेक देशांनी स्वीकारला आहे. सिंगापूरने २०२५ पासून तशी तरतूद केली. फोनपेसारख्या कंपनीने २०२२ मध्ये आपला नोंदणीचा तळ सिंगापूरहून भारतात आणला.

याचा अर्थ, केवळ करसवलतीवर उभा असलेला फायदा समोरच्या मोठ्या देशाने एक करार बदलला की आटतो. न्यायालय, बंदर, मालकीची हमी आणि विश्वास यांवर उभा असलेला फायदा जास्त टिकतो.

उलव्यासाठी यातून काय घेण्यासारखे?

ऑन्जियरच्या काळात उलवे-पनवेलचा किनारा बेटाला धान्य आणि लाकूड पुरवणारी पलीकडची बाजू होता. आता चित्र उलटले आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनरची वाहतूक बेटावरून या किनाऱ्यावर आली. या बंदरातले एक मोठे टर्मिनल सिंगापूरची पीएसए ही कंपनी चालवते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. उलव्याची टेकडी कापून आणि नदीचा प्रवाह वळवून उभारलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. आंतरराष्ट्रीय व्यापाराला लागणाऱ्या बंदर, विमानतळ आणि पूल या तिन्ही गोष्टी आता खाडीच्या अलीकडे आहेत.

जमिनीचा प्रश्न मात्र साडेतीनशे वर्षांपूर्वीचाच आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर इथल्या आगरी-कोळी गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. विमानतळासाठी दहा गावे उठली, तेव्हा हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले होते.

ऑन्जियरने जमीनदारांशी आधी करार केला आणि मग शहर उभारले. कुळांना मात्र त्याने विचारले नाही. नवी मुंबईत जमीन कसणाऱ्यांनी आपला हिस्सा लढून मिळवला, पण त्यासाठी जीव गमवावे लागले. अटल सेतूच्या या टोकाला आता जागतिक कंपन्यांची कार्यालये आणि गोदामे आणण्याच्या योजना आखल्या जात आहेत. त्या यशस्वी व्हायच्या, तर करसवलतींच्या यादीआधी मूळ गावांचे बाकी राहिलेले भूखंड, घरांची नियमितता आणि रोजगार हे हिशेब पूर्ण व्हावे लागतील. मुंबईच्या बाबतीत ही घडी १६७२ मध्येच बसली होती : आधी न्यायालय आणि जमिनीचा करार, मग व्यापारी.